इतर साहित्य, १ नग

चार्ज देताना गिराम सरांनी किल्ल्यांचा जुडगा दिला.
आठ किल्ल्या. एकही रॅकला लागली नाही.
शेवटी आश्रोबानं पेचकस घालून दार उचकटलं.
आत धूळ, पालीची दोन अंडी,
आणि गेल्या खंडेनवमीचा झेंडू,
वाळून काडेपेटीच्या गुलासारखा झालेला.

वरचं ते पॅच पॅनल.
त्याखाली स्विच, चोवीस भोकांचा, चालू फक्त नऊ.
तळाला यूपीएस, पोट फुगलेला.
इतकं मला येत होतं.
परभणीला प्रशिक्षण झालं होतं तीन दिवसांचं,
त्यातला एक दिवस उद्घाटनात गेला.

पण त्यांच्या मधे, कडेला सरकवलेली,
साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी.
नाव नाही, कंपनी नाही,
स्टिकर होतं तिथं नुसता डिंक.
एका बाजूनं निळी वायर आत,
दुसऱ्या बाजूनं पिवळी बाहेर, दोऱ्यासारखी बारीक,
खिडकीच्या फटीतून खाली उतरून
मैदानाच्या मुरमात बुडालेली.
एक हिरवा दिवा. लुकलुक लुकलुक.
आणि डबीच्या माथ्यावर कुणाचं तरी
कुंकवाचं बोट.

तस्लीम आठवीतली. टॉर्च तिच्या हातात.
‘सर, हे झोपतच नाही का?’
फोटो काढून बोरीच्या इंजिनिअरला पाठवला.
दोन निळ्या खुणा आल्या,
उत्तर नाही.

डेडस्टॉक रजिस्टर उघडलं.
पान सत्तेचाळीस, जुन्या हेडमास्तरांचं तिरकं अक्षर :
इतर साहित्य, १ नग. किंमत कोरी.
खुर्च्यांची नोंद मात्र पायांसकट होती,
कुठल्या खुर्चीला तीन, कुठल्या खुर्चीला चार.

आश्रोबा म्हणाला,
‘देवाचं असंल तर हलवू नका सर,
सरकारचं असंल तर बिलकूलच हलवू नका.’

मी पिवळी वायर उपसली.

दिवा विझला.
आम्ही तिघं कान टवकारून उभे.
पंखा फिरत होता. नऊच्या नऊ संगणक चालू.
शेवटच्या बाकावरच्या पोरांचा गेमसुद्धा अडला नाही.
मी पेन काढलं
आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं :
निर्लेखनास पात्र.
सही केली, तारीख टाकली.
बरं वाटलं. एक तरी गोष्ट निकालात निघाली.

वीस मिनिटांनी रस्ता ओलांडून
उपकेंद्राच्या कालिंदा सिस्टर आल्या,
डोक्यावर पदर, पायांत रबरी चपला, दमलेल्या.
‘सर, तुमच्याकडलं नेट हाय का?
माझं मधीच बसलं.
पहाटं बाळंतपण झालंय, नोंद अर्धी राहिली.
आईचं नाव गेलं, लेकराचं वजन जाईना.
दोन किलो तीनशे.’

कुणीच काही बोललं नाही.
तस्लीमनं टॉर्चचा उजेड
हळूच त्या मुरमाकडं वळवला,
भर दुपारी.

वायर परत बसवताना हात नीट चालेना.
दोनदा चुकली.
तिसऱ्यांदा टक्क वाजलं
आणि हिरवं लुकलुकायला लागलं,
जणू मधे काही घडलंच नव्हतं.

रजिस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही.
ओळीवर आडवी रेघ मारली, शेजारी पुन्हा सही.
सिस्टरनी जखमेवरची चिकटपट्टी दिली हातभर,
तिचा तुकडा तोडून डबीला लावला
आणि मार्करनं लिहिलं :
कालिंदा सिस्टरचं. काढू नये.
तिचं खरं नाव काय, अजून मला ठाऊक नाही.
त्या लेकराचंही
ठेवलं नव्हतं म्हणे तोवर.

दार लावत होतो, तर तस्लीम म्हणाली,
‘सर, मग ही पांढरी वायर?’
स्विचच्या मागून निघून
फळ्याच्या पाठीमागं कुठंतरी गेलेली.

‘असू दे,’ म्हणालो.
‘आधी विचारू या गावात.’